कॉट्झब्यू ते नोम, दोन रिंगा

अलास्कातल्या कॉट्झब्यूपासून नोमपर्यंतचं अंतर नकाशावर दोऱ्यानं मोजलं, तर नागपूर ते बुलढाणा एवढंच भरतं. फरक इतकाच की मध्ये रस्ता नाही. जायचं ते छोट्या विमानानं, सव्वा तासात, आणि तेही हवेची मर्जी असेल तर.

नव्वदच्या दशकात मी कॉट्झब्यूच्या शाळेत गणित शिकवत होते आणि नवरा त्या भागातल्या दवाखान्यांची एक्स-रे मशिन्स दुरुस्त करत फिरायचा. न उचललेल्या फोनचं बिल येत नाही, म्हणून आमची अस्सल देशी युक्ती ठरलेली होती. पोचलं की त्यानं दोन रिंगा देऊन ठेवून द्यायचं. मी उचलायचं नाही.

त्या दुपारी तो नोमला निघाला तेव्हाच खाडीवर धुकं होतं. नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसल्या. सव्वा तास होऊन गेला, दोन झाले. "पोचला का गं?" त्या सारख्या विचारत होत्या आणि मी "पोचेल हो, आई," म्हणून खेकसत होते. जीव टांगणीला लागला होता, आणि राग काढायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग फोन वाजला. एक. दोन. थांबला.

आम्ही दोघी एकदमच हसलो. मी वरणभात वाढला.

जेवण निम्मं झालं असेल, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला आणि थांबेचना. उचलला. नवऱ्याला घ्यायला नोमच्या विमानतळावर आलेली दवाखान्यातली बाई बोलत होती. विमान अजून उतरलेलं नाही, रेडिओवरही सापडत नाही, म्हणाली.

मग मघाच्या रिंगा कुणाच्या? उत्तर सुचलं. माझा धाकटा भाऊ ॲरिझोनात, चँडलरला राहायचा. त्याच्या दोन रिंगांचा अर्थ, मी घरी आहे, तू फोन लाव. एरवी तो रविवारी द्यायचा. मी त्याला फोन लावला.

"हो ताई, मीच. आज सुट्टी घेतली ना. कॉलबॅक का नाही केलास यार?"

"फोन ठेव!" मी ओरडले. "लाइन मोकळी ठेव!"

सासूबाईंना सांगावं लागलं. त्यांनी विझत आलेल्या मेणबत्तीवर दुसरी पेटवली आणि त्रिसरण म्हणू लागल्या. त्यापेक्षा मघाचं ते सारखं विचारणं बरं होतं. तो धुक्यात कुठे असेल कोण जाणे, आणि मी चवीनं जेवले होते. माझी मलाच किळस आली.

फोन वाजला. एक. दोन. हात पुढे गेला आणि सवयीनं तिथेच थांबला. आता बंद पडेल, म्हणून दोघी श्वास रोखून बसलो. तीन. चार. लांब रिंग म्हणजे वाईट बातमी, एवढं मला कळून चुकलं होतं. उचलायची हिंमत होईना.

"उचल, पोरी," सासूबाई म्हणाल्या.

"किती वेळ लावतेस?" नवऱ्याचा आवाज होता. धुक्यामुळे पायलटनं किनाऱ्यावरच्या एका वस्तीत विमान उतरवलं होतं, आणि तो तिथल्या शाळेतून बोलत होता. "नोमला पोचलोच नाही, मग दोन रिंगा कशा देणार? म्हणून वाजवत राहिलो."

मला रडू कोसळलं.

"अगं, रडतेस काय? मिनिटं चाललीत."

"चालू देत," मी म्हणाले. "तू बोलत राहा."