सहावी बाटली

आमचा मामा एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात एकवीस वर्षं वाईन सांभाळत होता. घरी तो चहापलीकडे काही पीत नाही. पण बाटल्यांच्या बाबतीत इतका हळवा, की मामी म्हणायची, "मला ताप आला तर यांना दुसऱ्या दिवशी कळतं. तळघराचं तापमान मात्र सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन करून विचारतात."

त्या तळघरात फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या लाल वाईनच्या सहा बाटल्या होत्या. मामा नोकरीला लागला त्याच वर्षी आलेल्या. हाडांचे एक डॉक्टर लग्नाच्या वाढदिवसाला बायकोबरोबर जेवायला येत आणि तीन-चार वर्षांतून एकदा त्यातली एक मागवत. पाच बाटल्या झाल्या, पाचही मामानेच उघडल्या. वाढण्याआधी वाईन ठीक आहे ना हे बघायला वाढणाऱ्याने एक घोट चाखायचा असतो. त्या एका घोटाचं वर्णन आम्ही आठवडाभर ऐकायचो.

सहाव्या बाटलीच्या वेळी डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "या खेपेला त्या नव्या मुलीला पाठवा. छान समजावून सांगते म्हणे."

नव्या मुलीला येऊन सहा महिने झाले होते. वाईनची परीक्षा पास झालेली, कोटावर तिचा चांदीचा बिल्ला. घरी मामा तिला 'बिल्ला'च म्हणायचा. बिल्ला आज पाहुण्यांशी काय बोलली, बिल्ल्याला कुणी परत बोलावलं, सगळी बातमी त्याच्याकडे असे. डॉक्टरांचा निरोप कळला त्या दिवशी तो जेवलाच नाही.

मामी म्हणाली, "घरात सवत आणल्यासारखं तोंड काय केलंय? बाटलीच आहे ती."

"पाच मी उघडल्यात."

"मग सहावी तिला उघडू दे. हात दुखत नाहीत का तुमचे?"

आता इथे थोडं कामाचं सांगायला हवं. जुन्या लाल वाईनमध्ये गाळ धरतो. बाटली वर्षानुवर्षं आडवी असते, तेव्हा तो गाळ एका कुशीला बसलेला असतो. म्हणून उघडण्याच्या दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवतात, म्हणजे गाळ तळाला जातो आणि वरची वाईन नितळ मिळते. ज्याच्याकडे टेबल, त्यानेच बाटली उभी करायची आणि गळ्यात तारखेची चिठ्ठी अडकवायची, असा त्यांच्याकडचा रिवाज.

डॉक्टर शनिवारी येणार होते. तिने गुरुवारी सकाळी बाटली उभी केली. शुक्रवारी संध्याकाळी मामा तळघर बंद करायला गेला, तेव्हा त्याला ती चिठ्ठी दिसली. माझ्या बाटलीच्या गळ्यात तिचं अक्षर, असं तो मला पुढे म्हणाला. त्याने बाटली उचलली, हातातल्या हातात एकदा फिरवली आणि तिच्या जुन्या खणात आडवी ठेवून दिली. शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन परत उभी केली. चिठ्ठी जागच्या जागी होती.

दुपारी तिने पँट्रीत मेणबत्ती लावून बाटलीच्या मागे धरली. आत पीठ ढवळल्यासारखं धुरकट दिसत होतं. तिने बूच काढलंच नाही. तशीच टेबलाकडे गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, ही आज उघडली तर वाया जाईल. सोमवारी दुपारी याल का?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आमचा वाढदिवस आज आहे. ते जुने गृहस्थ कुठेत? त्यांना बोलवा. ते उघडतील."

हेच तर मामाला हवं होतं. तो आला, नॅपकिन हातावर टाकला, बूच काढायचा स्क्रू खिशातून काढला. मग बाटली उजेडात धरली आणि त्याचा हात थांबला. एकवीस वर्षं जपलेली वाईन चिखल होऊन ग्लासात पडणार होती, तीही त्याच्या हातून.

"ती म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "सोमवारी या."

एवढं बोलणंही त्याला जड गेलं.

मॅनेजरने दोघांना पँट्रीत घेतलं. "गुरुवारी उभी केली म्हणतेस, मग गाळ वर कसा आला? उद्यापासून तू टेबलं घेऊ नकोस."

"केली होती, सर," ती म्हणाली. मग तिलाच शंका आली असावी. ती मामाकडे वळली. "काका, शुक्रवारी बंद करताना तुम्ही पाहिली असेल. उभी होती ना?"

लक्ष नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. पण तळघरातल्या बाटलीकडे माझं लक्ष नव्हतं, हे वाक्य त्याच्या तोंडून निघेना. तिच्यासमोर तर नाहीच.

"उभी होती," तो म्हणाला. "मी आडवी केली."

मॅनेजरने तळघराची किल्ली तिथेच मागून घेतली आणि तिला दिली. मामाला हॉटेलच्याच लग्नाच्या हॉलवर सरबतं वाटायला पाठवलं. मामीने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही, त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते आम्हाला समजलं.

सोमवारी दुपारी ती हॉलच्या मागच्या दाराशी आली. हातात ग्लास, त्यात बोटभर वाईन.

"तुमच्यासाठी ठेवलीय, काका."

मामाने आधी वास घेतला. ओल्या पानांचा, मग चेरीचा, मग ज्याला नाव देता येत नाही असा. पाचही बाटल्यांपेक्षा ही सरस होती. त्याने घोट तोंडात बराच वेळ धरला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काहीच नाही. दोघं गप्प बसून पीत होते. मीही काही समजावलं नाही."

मामा सांगतो, माफी मागायचं ठरवलं होतं, पण त्या क्षणी ती राहूनच गेली. पाच वेळा त्याने वाढलं, तेव्हा डॉक्टर जेवणभर बोलत असत. शेअर, मुलं, गुडघ्याची ऑपरेशनं. गप्प एकदाही बसले नव्हते.

त्याने ग्लास तिच्या हातात दिला आणि सरबताचा ट्रे उचलला.