बासष्टाव्या वर्षी दत्तक

नाताळच्या आधीच्या रविवारी प्रार्थना संपली आणि चर्चच्या मंडळाचे सचिव हातात कागद घेऊन उभे राहिले. या सचिवांना सगळे मागून 'लाउडस्पीकर' म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण समोर एक जण असो की दोनशे, ते बोलत नसत, जाहीर करत. घरी बायकोलाही ते "सर्वांना कळवण्यात येतं की आमटीत मीठ कमी आहे" असंच सांगत असणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

"सर्वांना कळवण्यात आनंद होतो," त्यांनी घसा साफ केला, "की यंदाही ज्यांना जवळ कोणी नाही अशा आपल्या एकाकी बंधुभगिनींना नाताळच्या दुपारपुरतं एकेका कुटुंबानं दत्तक घ्यायचं आहे. चिठ्ठ्या टाकून झाल्या आहेत. आता नावं ऐका."

खुर्चीमावशी तिसऱ्या बाकावर मजेत नावं ऐकत होत्या. निवृत्त पोस्टमन शाळामास्तरांकडे गेला, तेव्हा त्या मनात म्हणाल्या, बरं झालं बिचाऱ्याचं. शिवणवाल्या म्हातारीला बँकेतल्या बाईंनी घेतलं, तेव्हा त्यांना भरूनही आलं.

"खुर्च्यावाल्या मावशी," सचिव म्हणाले. "औषधवाल्यांकडे."

मावशींनी मागं वळून पाहिलं. गावात दुसरी कोणी खुर्च्यावाली आलीये आणि आपल्याला पत्ताच नाही, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. मागच्या चारही बाकांवरची माणसं त्यांच्याकडे बघून हसली. भिजलेल्या मांजराकडे बघून हसतात तशी.

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

खुर्चीमावशी म्हणजे मोडक्या-तोडक्या खुर्च्यांना पुन्हा बसती करणारी बाई. तुटलेले पट्टे, वर आलेल्या स्प्रिंगा, दबलेला काथ्या, फाटलं कापड, सगळं त्या एकहाती करत. धंदा वडिलांचा. भाऊ असूनही तो मावशींनीच उचलला, कारण भावाच्या हातात खिळा सरळ जात नसे आणि बोलणं वाकडं जाई. नवरा हा मुळात गिऱ्हाईक. एक आरामखुर्ची घेऊन आला, ती न्यायला चार वेळा आला आणि पाचव्या वेळी मागणी घालूनच गेला. खाली दुकान, वर दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत दर नाताळला नवऱ्याकडची अकरा माणसं उतरत. दीर, जावा, त्यांची पोरं, आणि एक चुलतसासरे, ज्यांना प्रत्येक खुर्ची टोचायची. अख्ख्या गावाला बसायला खुर्च्या देणारी ही बाई तीस वर्षं नाताळला ओट्यापाशी उभ्यानं जेवली. तेही कोंबडीची मान.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला, तशी ती अकरा माणसंही गेली. म्हणजे जिवंत होती सगळी, पण येईनात. पहिली दोन वर्षं मुलगी आली. ती लांबच्या शहरात नर्स. यंदा तिची ड्यूटी लागली, आणि मावशींना, खरं सांगायचं तर, गुदगुल्या झाल्या. लेकीवर माया नव्हती असं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा नाताळचं जेवण त्या बसून जेवणार होत्या, गरम असताना, आणि मधे कुणीही "वहिनी, पाणी" म्हणणार नव्हतं.

आणि आता ही चिठ्ठी.

सभा सुटल्यावर त्यांनी सचिवांना दारातच गाठलं. "माझं नाव काढा."

"सर्वांना कळवण्यात..."

"सर्वांना नको. मलाच कळवा. मी एकाकी आहे हे कुणी ठरवलं?"

सचिवांचा आवाज एकदम खाली आला. दवाखान्यात येतो तसा. "मावशी, लाजू नका. एकाकी माणसं नको नकोच म्हणतात. म्हणूनच आपण नियम केलाय. ज्यानं अर्ज भरला त्यानंच तो मागं घ्यायचा. ज्याच्यासाठी भरला त्याचं ऐकायचं नाही."

"वा. म्हणजे चोरानंच कुलूप लावायचं. कुणी भरलाय?"

सचिवांनी कागद फिरवला. खाली सही होती. मावशींनी ती अक्षरं स्वतः गिरवून घेतलेली होती, पाटीवर, कान पिरगाळून.

दुकानात येऊन त्यांनी कोटही न काढता फोन लावला.

"आई, ओरडू नकोस," लेकीनं हॅलोच्या जागी म्हटलं.

"ओरडत नाहीये. मला फक्त विचारायचंय की बासष्टाव्या वर्षी दत्तक गेल्यावर बाळाचं नाव बदलतात का?"

"एका जेवणाचा प्रश्न आहे."

"तेच म्हणते. एक जेवण. तेवढं माझं मला जेवू दे. अर्ज मागं घे."

"नाही घेणार. तू तिथं एकटी ताट घेऊन बसलीयेस हे डोळ्यासमोर आलं की मला घास जात नाही."

"मग तू उपास कर. मी का लोकांच्या घरी जाऊ?"

"आई, प्लीज. मला तेवढीच शांती."

मावशींना हे खुपलं. रागानं बोलली असती तर त्यांनी दोन शब्दांत गुंडाळली असती. पण पोरीच्या आवाजात तीच ती काळजी होती, जी ती पेशंटांसाठी ठेवते. आज एका जेवणाचा अर्ज. उद्या औषधांच्या गोळ्यांचा डबा. परवा 'आई, दुकान बंद कर, माझ्याकडे ये'. असा उतार कुठं नेतो हे मावशींना कळत होतं, आणि ही त्या उताराची सुरुवात होती.

"मी जाणार नाही," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

आठवडाभर गावानं त्यांचं सांत्वन केलं. पाववाल्यानं एक पाव जास्त घातला. टपाल देणारी बाई दारात उगाच पाच मिनिटं थांबली. मावशींच्या खोल्यांच्याही वरच्या मजल्यावरची शेजारीण तर दिवसातून दोनदा खाली येई. हिचं प्रत्येक वाक्य 'मला काय त्याचं' नं सुरू होई आणि त्याचं सगळं काही सांगून संपे.

"मला काय त्याचं, पण औषधवालीनं तुमच्यासाठी वेगळं ताट काढून ठेवलंय म्हणे. निळ्या काठाचं."

"तुमच्या मुलाचं काय? येतोय का यंदा?" मावशींनी खिळ्यांचा डबा बंद करत विचारलं.

"तो बिझी असतो," शेजारीण म्हणाली आणि वर गेली. तिचा मुलगा दोन वर्षांत फिरकला नव्हता. तिचं नाव यादीत नव्हतं, कारण तिच्यासाठी अर्ज भरणारंही कोणी नव्हतं.

नाताळच्या दिवशी मावशी सकाळची प्रार्थना करून आल्या, कोंबडी भट्टीत घातली आणि दुकानात टेबल मांडलं. वर नाही, दुकानातच, कारण खुर्च्या तिथं होत्या. वकीलसाहेबांच्या जेवणघरातल्या सहा, दोन दिवसांनी द्यायच्या. आणि मावशींचा वडिलांपासून चालत आलेला एक नियम होता: खुर्ची दुरुस्त झाली की तिच्यावर बसून काहीतरी जेवल्याशिवाय ती दुकानाबाहेर जात नाही. नुसतं बसून खुर्ची कळत नाही, वडील म्हणत. बसणारा सावध असतो. जेवताना माणूस बुड विसरतो, आणि विसरलेलं बुडच खरं बोलतं.

सहा खुर्च्या, एक जेवण. त्यांनी हिशेब बसवला. सूप पहिल्या दोनांवर, कोंबडी नि बटाटे पुढच्या तीनांवर, केक शेवटच्या खुर्चीवर. कापड कापायच्या लांब टेबलावर पांढरी चादर घातली, सहाही खुर्च्या लावल्या, आणि ताट एक.

पहिल्या खुर्चीवर त्या अर्धी वाटी सूप प्यायल्या. "तू बरी आहेस," त्यांनी तिला सांगितलं. वाटी उचलली, दुसरीवर गेल्या. दोन घोट झाल्यावर उजवी मांडी कुरकुरली. "तुझं मात्र एका बाजूला झुकणं अजून गेलं नाही. उद्या बघते तुझ्याकडे." खुर्च्यांशी त्या नेहमीच बोलत. गिऱ्हाइकांपेक्षा खुर्च्या जास्त ऐकून घेत.

नेमकी तेव्हा शेजारीण दुकानाच्या काचेशी आली. तिला दिसलं ते असं: पांढरी चादर, सहा रिकाम्या खुर्च्या, आणि मावशी वाटी घेऊन एकीवरून दुसरीवर, प्रत्येकीला समजावत. शेजारणीनं छातीवर हात ठेवला, दोन पावलं मागं सरली आणि फोन काढला. पहिला सचिवांना. दुसरा मुलीला. दोघांना तिनं एकच सांगितलं: मला काय त्याचं, पण मावशी मेलेल्या माणसांना जेवायला वाढतायत आणि त्यातल्या एकाला रागावतायत.

मावशी तिसऱ्या खुर्चीवर कोंबडीची तंगडी घेऊन टेकल्या आणि फोन वाजला. व्हिडिओ. त्यांनी तो बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर लेक, गणवेशात, डोळे मोठे.

"आई, तू ठीक आहेस ना? तिथं कोण कोण बसलंय?"

"कोण बसणार? मीच, आळीपाळीनं."

तेवढ्यात दार उघडलं. आधी सचिव, मग औषधवाला, त्याची बायको, आणि सगळ्यांत मागं, मान लांब करून, शेजारीण.

"मावशी, घाबरू नका," औषधवाला म्हणाला. तो प्रत्येक गोष्ट बाटलीवर चिकटवल्यासारखी सांगे. "हळूहळू उठायचं. थोडं पाणी घ्यायचं. मग आमच्याबरोबर यायचं."

"जेवणाआधी की जेवणानंतर?" मावशींनी विचारलं. "आणि दिवसातून किती वेळा?"

औषधवालीला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. सचिव खुर्च्यांकडे बघत कुजबुजले, "या कुणासाठी मांडल्यायत, मावशी?"

"वकिलांसाठी."

"वकीलसाहेब तर जिवंत आहेत."

"म्हणूनच सोमवारी न्यायला येणारेत. बसून बघा. ती नको, ती झुकते."

सचिव बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीही जाहीर न करता एक पूर्ण मिनिट काढलं. बरणीपाशी, पडद्यात, लेक आधी तोंड दाबून आणि मग न दाबता हसत होती. आजोबांचा नियम तिला माहीत होता. लहानपणी तिनं याच नियमापायी शेकडो अनोळखी खुर्च्यांवर दूध-पाव खाल्ला होता.

"तरीही," सचिव सावरले, "अर्ज आहे तो आहे. यांचं ताट तिकडे मांडलंय. नियमाप्रमाणे..."

"नियमाप्रमाणे अर्जाच्या मालकीणबाई फोनवर आहेत," मावशी म्हणाल्या आणि फोन सचिवांकडे वळवला. "विचारा."

लेक हसायची थांबली. "आई, जा ना. माणसं दारात आलीयेत."

"तू कुठं जेवणार आज?"

"कँटीनमध्ये. विषय बदलू नकोस."

"कुणाबरोबर?"

"एकटीच. माझी ब्रेकची वेळ वेगळी आहे."

"मग तुला कुणी दत्तक घेतलंय का?"

"आई, माझी गोष्ट वेगळी. मी कामावर आहे."

"मीही कामावर आहे. बघ, तिसरी खुर्ची चाललीये." मावशींनी तंगडी ताटात ठेवली, हात पुसले. आता त्या हसत नव्हत्या. "हे बघ. तू म्हणत असशील तर मी आत्ता कोट घालते नि जाते. चांगली माणसं आहेत, चांगलं जेवू घालतील. पण मग मी तिथं कोण म्हणून बसणार? जिला कोणी नाही ती. ते एकदा झालं की तू पुढच्या वेळी घरी येशील तेव्हाही तुला तीच दिसणार. मला तुझी आई राहायचंय. पेशंट नाही. आता तूच सांग, तोंडानं, सगळ्यांसमोर."

औषधवाल्यानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं चपलांकडे.

"काका," लेक शेवटी म्हणाली, "मी अर्ज मागं घेतेय."

"सर्वांना कळवण्यात येतं..." सचिवांच्या तोंडून सवयीनं गेलं.

"कळवा," मावशी म्हणाल्या. "मोठ्यानं कळवा. रविवारी माझं नाव जेवढ्या आवाजात वाचलं होतं तेवढ्याच आवाजात."

आणि सचिवांनी खरंच कळवलं, दुकानातल्या चार माणसांना.

"मग निळ्या काठाच्या ताटाचं काय करायचं?" औषधवालीनं विचारलं. "सगळं वाढून आलेय."

"मला काय त्याचं," शेजारीण हळूच म्हणाली, "पण अन्न वाया जायला नको." आणि कुणी आग्रह करायच्या आत ती बाहेर जाऊन त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलीसुद्धा.

दार लागलं. मावशी ताट घेऊन चौथ्या खुर्चीवर गेल्या. लेक अजून बरणीपाशी होतीच.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"पाठ सरळ धरते. हट्टी आहे, पण चांगली." मावशींनी बटाटा तोडला. "आणि ऐक. यापुढं माझ्याबद्दल कुठं काही भरायचं असलं, तर आधी मला विचारायचं."

"विचारीन."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

लेकीनं विचार केला. "तर भांडेन."

"हां," मावशी म्हणाल्या. "तेवढं चालेल."