आक्काने मागे घेतलेला ठिपका

शहाद्याजवळच्या प्रकाशा गावी, आमच्या शेतात पपई उतरवत होतो, तेव्हा पुण्याहून मीराचा फोन आला. मीरा माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, विद्यार्थिनी. “दादा...” एवढंच म्हणून ती थांबली. आक्का गेली, हे तिला सांगावं लागलं नाही.

आक्का खगोलशास्त्रज्ञ होती. काही दीर्घिकांमध्ये तारे झपाट्यानं जन्मतात, पण जिथं जन्मतात तिथंच धुळीचे दाट ढग असतात. साध्या दुर्बिणीला आतलं दिसत नाही. तापलेली धूळ मात्र डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडते. त्या किरणांत टिपलेल्या प्रतिमा पाहण्यात आक्कानं आयुष्य काढलं. अशाच एका प्रतिमेत, दीर्घिकेच्या कडेला, तिला एक तेजस्वी ठिपका सापडला. ताऱ्यांच्या जन्माची ती नवी जागा ठरली. शोधनिबंध स्वीकारला गेला, मीराची पीएच.डी. त्यावरच उभी राहिली, आणि आमच्या वडिलांनी, बापूंनी, ही बातमी पार शहाद्याच्या बाजारापर्यंत नेली.

गेल्या उन्हाळ्यात केमोनंतर आक्का विश्रांतीला घरी आली. एका दुपारी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी चहा पुढे केला, तिनं हातच उचलला नाही. पडद्यावर दुसऱ्याच दीर्घिकेची प्रतिमा होती... आणि ठिपका त्याच जागी. कॅमेऱ्यानं आधी एक फार प्रखर तारा टिपला होता, त्याची खूण कॅमेऱ्यातच मागे राहिली होती. आकाशात तिथं काही नव्हतंच.

निबंध छापून येण्याच्या बेतात होता. बापू म्हणाले, “इतला दूरनं, कोनाले कळसे?”

“माले कळनं ना, बापू.”

“आनि त्या पोरनं, मीरानं, काय व्हई?”

आक्का फोन घेऊन आत गेली, दार लोटून घेतलं. आतून तिचा आवाज येत होता, थांबत थांबत. दार ढकलावं की नाही, मला कळेना. ती बाहेर आली ती चौकट धरून. “सांगी दिन्हं तिले,” म्हणाली. निबंध तिनं मागे घेतला.

नव्यानं प्रतिमा घ्यायला दुर्बिणीची वेळ मागितली, आणि वाट पाहता पाहता ती खंगत गेली. आधी प्रतिमा येतील की... पुढचं मी मनातही पुरं करत नसे. त्या आल्या तेव्हा आक्का पुण्याला दवाखान्यात होती. मीरानं लॅपटॉप खाटेवर धरला. ठिपका गेला होता. पण मधल्या धुळीच्या पट्ट्याआड एक फिकट उजेड होता. कॅमेरा थोडा सरकवून घेतलेल्या प्रत्येक प्रतिमेत तो दीर्घिकेबरोबरच सरकत होता. म्हणजे कॅमेऱ्यातली खूण नव्हे, खरा. तरी आक्कानं तिला पुन्हा तपासायला लावलं, मग आणखी एकदा. मीरा आता त्याच्यावर लिहिते आहे.

बापूंना हल्ली नीटसं दिसत नाही. आक्का घरी असताना दिवस कलला की त्यांना मागच्या तापलेल्या भिंतीशी न्यायची आणि भिंतीला न टेकवता तळहात जवळ धरायला लावायची. हेच ते किरण, यांना डोळे लागत नाहीत, म्हणायची. आजही ऊन उतरलं की बापू चाचपडत तिथं जातात. काल मी त्यांना जेवायला हाक मारली.

“थांब,” ते हात तसाच धरून म्हणाले, “आजून ऊब यी ऱ्हायनी.”