बाकावरची प्रार्थना

दाजींचं ऑपरेशन चाललं होतं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात एक आजोबा मोठ्या आवाजात टीव्ही बघत बसले होते. माझी थोरली बहीण रूथताई बाकावर डोळे मिटून प्रार्थना करत होती. मला मात्र त्या गोंगाटात प्रभूचं नावही सुचेना.

"ताई, टीव्ही बंद करायला सांगू?"

"राहू दे गं. त्या आजोबांचा वेळ जातोय. माझं बोलणं प्रभूला ऐकू येतंय."

हिला भीती कशी वाटत नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

डॉक्टर बाहेर आले. "धोका टळला," म्हणाले. ताईने "आमेन" म्हटलं आणि माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. भीती तिलाही होतीच. इतका वेळ ती प्रभूला तेच तर सांगत होती.