मामाचा खांदा

"हिला चालू दे. हिचे पाय चिखलाचेच आहेत."

खोत असं म्हणाले आणि छत्रीच्या टोकाने त्यांनी मला मामाच्या पाठीवरून खाली ढकललं. मी आगरदांड्याच्या खाडीतल्या चिखलात पडले. आठ वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून वर्ष झालंय, असं मोठी माणसं म्हणायची. ओहोटीला होडी धक्क्यापर्यंत येत नसे, मध्ये गुडघाभर चिखल. मोठ्या घरच्या माणसांना त्यातून उचलून आणायचं, अशी रीत. उचलायचं माझ्या मामाने. माझ्याच वयाची खोतांची नात पांढरे बूट घालून त्याच्या खांद्यावर बसली. मी मागून चालले.

मला राग यायला हवा होता. खरं सांगते, हेवा वाटला. बुटांचा नाही, खांद्याचा. मामा माझा होता, माझ्या आईचा सख्खा भाऊ. बाप गेल्यावर त्यानेच आम्हाला घरी आणलं.

त्याने काय नाही केलं? उरणच्या मिठागरावर मीठ वाहिलं. मचव्यावर खलाशी होऊन मुंबईला लाकूड नेलं. माडावर चढला, विहिरी खणल्या, लोकांची घरं शाकारली, होळीला ढोल वाजवला. पण पहिलं शहाळं खोतांच्या नातीला. पोहायला शिकवलं तेही तिलाच. मला म्हणायचा, तू कुठं बुडतेस. मी नुसती जळायची. तिला ताप येऊ दे, असं मी एकदा देवळात जाऊन मागितलं होतं.

आमचं घर खोतांच्या वाडीत. निघा म्हटलं की निघायचं. आई हे सारखं सांगायची, पण माझ्या डोक्यात ते शिरत नसे.

बारा-तेरा वर्षांनी मी मास्तरीण झाले, खाडीपलीकडच्या गावात. पहिल्या सुट्टीला घरी येत होते. त्याच होडीत खोतांची नात, लग्नानंतर माहेरी निघालेली. ओहोटीच होती. मामा चिखलात उभा, केस पिकलेले. तिने सवयीने हात पुढे केले. मामाने पाठ वाकवली ती माझ्यापुढे.

"ये बाय. आज तू बस. मास्तरीण हायस."

लाज वाटते सांगायला, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिचा पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला. पाय उचललासुद्धा. आणि खाली बघितलं. तो खांदा मी रोज पाहिला होता, पण खालून. त्या दिवशी वरून पाहिला, बसणारे बघतात तिथून. बैलाच्या मानेला पडतो तसा काळा घट्टा. आणि मी तिथे बसायला निघाले होते.

मी चिखलात उतरले. मामा चिडला, लोकं बघतात म्हणाला. खोतांची नात म्हणाली, मग मला तरी ने. मामा लगेच तिच्याकडे वळला. मी त्याचा दंड धरला.

"मामा न्हाय उचलणार. उतरा आणि चालत या."

मामा हळूच म्हणाला, "घर जाईल, बाय."

"जाऊ दे."

घर जाणार हे मलाही कळत होतं. शाळेच्या गावात खोली बघायची, मामाला आणि आईला तिकडे न्यायचं, हे मी तिथेच ठरवलं. हेवा गेला असं म्हणणार नाही, तो अजून पोटात आहे. पण मी उभी आहे तोवर ह्या खांद्यावर कुणी बसणार नाही. मीसुद्धा.