शनिवारचं परमिट

माझ्या साडूंच्या सहीशिवाय कुवेतमध्ये आगकाडीसुद्धा पेटत नाही, असं मी गेली पंधरा वर्षं मानत आलो आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नाशिकचे, अहमदीत तेलाच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. बाकीचे इंजिनिअर काम करतात आणि हे काम करू देत नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांच्याकडे परमिट नावाचा एक कागद असतो. पाइपाला जोड द्यायचा असो की टाकीत माणूस उतरवायचा असो, आधी तो कागद भरायचा: काम काय, धोका काय, उपाय काय, मुदत किती. साडू जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार आणि मगच सही करणार. काम आटोपलं की ज्याने परमिट घेतलं त्याने स्वतः त्यांच्यासमोर उभं राहून खालच्या रकान्यात सही करायची, मी सुखरूप बाहेर आलो म्हणून. फोनवर सांगितलेलं चालत नाही, दुसऱ्याच्या हाती निरोप चालत नाही. "मुदत नसलेलं परमिट म्हणजे नुसता कागद," हे वाक्य त्यांनी मला माझ्या साखरपुड्यात ऐकवलं होतं. त्या प्रसंगी ते का ऐकवलं, हे मला अजून उमगलेलं नाही.

हा माणूस कारखान्यातून घरी येताना कारखाना तिथेच ठेवून येत असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या सलवातल्या घरची दिवाळी पाहायला हवी होती. बायकोने चकल्यांचं तेल तापत ठेवलं आणि साडू दारात उभे. एका हातात आग विझवायचं कांबळं, दुसऱ्या हातात वाळूची बादली. वाळवंटात राहून वाळू स्वतःच्या गाडीतून घेऊन येणारा मी पाहिलेला हा एकमेव मनुष्य. त्यांनी कढईचा दांडा आत वळवला, पोरांना तीन हात मागे सरकवलं, बायकोला ओढणी काढायला लावून ती खुंटीला टांगली आणि ओट्यावर टेकवून कागद भरला: मुदत दोन तास. दोन तास झाले तेव्हा पंधरा-वीस चकल्या उरल्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला, मुदतवाढीचा कागद भरला आणि पुन्हा पेटवला. बायको आठवडाभर धुमसत होती. पण पुढच्या वर्षी तेल ओतण्याआधी तिनेच मला विचारलं, "भावजी निघाले का अहमदीहून?"

एकदा हिवाळ्यात आम्ही पाच-सहा कुटुंबं बस करून वफ्र्याला एका शेतावर गेलो होतो. उतरल्याबरोबर साडूंनी एका खजुराखाली सगळ्यांना उभं केलं, काही झालं तर इथे जमायचं म्हणून बजावलं आणि माणसं मोजली. एकतीस. संध्याकाळी बसमध्ये मोजली तर बत्तीस. आम्हाला वाटलं, चला, कमी तर नाहीत. साडूंचा चेहरा मात्र उतरला. "जास्त झालेला माणूस म्हणजे कुठून तरी कमी झालेला माणूस," ते म्हणाले, आणि बस हलू देईनात. शेवटी मागच्या बाकावर शेतावरचा एक मजूर सापडला. बिचारा मोठ्या रस्त्यापर्यंत जावं म्हणून गुपचूप चढला होता आणि आता आपल्याला उतरवणार म्हणून हात जोडायच्या बेतात होता. साडूंनी त्याला विचारलं, "भाई, उधर किसी को बोल के आये हो?" तो म्हणाला, नाही. मग साडू उतरले, पाव मैल चालत गेले, त्याच्या मुकादमाला सांगून आले, यादीत बत्तिसावं नाव लिहिलं आणि त्याला खिडकीजवळ बसवलं. तो मोठ्या रस्त्याला उतरला तेव्हा नावापुढे बरोबरची खूण केली. आम्ही सगळे उशिराबद्दल कुरकुरत होतो. मीही. आज ते आठवलं की मला माझी कुरकुर तेवढी आठवते आणि कानकोंडं व्हायला होतं.

त्यांच्या हाताखालच्या लोकांनी मला सांगितलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ती लागणार आहे. टाकीच्या आत माणसं साफसफाईला उतरली की साडू टाकीच्या तोंडाशी उभे राहतात. ऑगस्टचं ऊन असो, धुळीचं वादळ असो. आणि आतला शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत जेवत नाहीत. कुणी डबा आणून दिला तर म्हणतात, "सही माझी आहे, पोट मागाहून." एकदा दुपारचे साडेचार वाजले तरी हे उभेच होते, आणि आतला केरळी फिटर त्यांच्या उपासाच्या धास्तीने भराभर हात चालवत होता. मला ही गोष्ट पहिल्यांदा विनोदी वाटली होती.

महामारी आली तेव्हा आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना एकच वाटलं, आता साडूंचं राज्य आलं. सगळं जग बंद, मास्क, हातमोजे, अंतर. पण साडू गप्प होते. त्यांची एकुलती एक लेक अमेरिकेत शिकत होती. खेळाडूंच्या दुखापतींची देखभाल करायचं ते शिक्षण होतं, आणि त्यात कॉलेजच्या फुटबॉल संघाबरोबर मैदानावर अमुक तास उभं राहिल्याशिवाय वर्ष पुरं होत नव्हतं. खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, पाणी द्यायचं, पडला की धावायचं. ऑगस्टमध्ये कॉलेजने कळवलं की सामने खेळवायचा विचार आहे. ज्यांना यायचं नसेल त्यांच्यावर सक्ती नाही, मात्र तास भरणार नाहीत. अहमदीत वाढलेली ही मुलगी मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. तिने फोन करून सांगितलं, "बाबा, आय वॉन्ट टु गो. बट ओन्ली इफ यू साइन." ती सज्ञान होती. सहीची गरज कॉलेजला नव्हती, तिला होती.

हे सगळं मला ताईंनी, म्हणजे साडूंच्या पत्नीने, मागाहून सांगितलं. त्या वेळी आम्हाला दिसलं ते एवढंच की मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या वादविवादासाठी, जो त्या वर्षी आपापल्या घरी पडद्यासमोर बसून होणार होता, साडूंनी विषय सुचवला: महामारीत कॉलेजचा फुटबॉल खेळावा का? मंडळ चक्रावलं. दर वर्षी विषय असतो मोबाइल शाप की वरदान. पण साडूंनी आजवर कधी काही सुचवलं नव्हतं, फक्त बंद पाडलं होतं, म्हणून सगळ्यांनी मान्य केलं. कारखान्यात जोखमीच्या कामाआधी ते सगळ्यांना गोल उभं करून प्रत्येकाला बोलायला लावतात, अगदी झाडूवाल्यालाही. स्वतःचं ठरत नव्हतं म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं होतं, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

वाद झकास रंगला. एक पुण्याचे बँकवाले गृहस्थ विरोधात. "एक वर्ष चेंडू हातात घेतला नाही तर अमेरिका बुडणार आहे का? आईबापांनी पोरं शिकायला पाठवलीत, मरायला नाही." लातूरचा एक तरुण इंजिनिअर बाजूने. "अहो, मैदान बंद केलं म्हणून पोरं काय खोलीत गप्प बसायलेत का? तिकडं जमून पार्ट्याच करायलेत. मैदानावर निदान कोणीतरी बघायलंय तरी." मी स्वतः कुठल्याच बाजूला नव्हतो, पण मधेच तोंड घालून म्हणालो की हातात धरून पळायच्या खेळाला फुटबॉल म्हणणाऱ्यांकडून शहाणपणाची अपेक्षाच कशाला. सगळे हसले. साडू खाली मान घालून लिहीत होते. शेवटी अध्यक्षांनी त्यांना निकाल विचारला. ते काय म्हणणार हे आम्हाला ठाऊकच होतं, म्हणून काही जण उठूनही गेले होते. साडू म्हणाले, "सगळे बरोबर बोललात. पण मी जागा पाहिल्याशिवाय सही करत नाही." आणि पडद्यावरून नाहीसे झाले.

जागा हजारो मैलांवर, विमानं बंद. साडूंनी तरी ती पाहिली. लेकीला फोन हातात धरून सबंध मैदान चालायला लावलं, दोन तास. बाकापासून पाण्याच्या टेबलापर्यंत किती पावलं, पट्ट्या बांधायची खोली केवढी, खिडक्या किती, उघडतात की नुसत्या दिसतात. त्याआधी त्यांनी त्या खेळाचं नियमांचं पुस्तक वाचून काढलं होतं. हेल्मेट आणि खांद्याचं चिलखत पाहून प्रसन्नही झाले होते. फक्त तोंडावरची जाळी त्यांना पटली नाही. "त्या जाळीतून विषाणू काय, मांजर जाईल." मग त्यांनी तिथल्या मुख्य ट्रेनरशी बोलायची इच्छा दाखवली. लेक शरमेने अर्धमेली झाली. तो साडेसहा फुटी गोरा माणूस आधी हसत फोनवर आला. दहा मिनिटांनी तो लिहून घेत होता. पुढच्या आठवड्यात पट्ट्या बांधायची टेबलं बंद खोलीतून काढून उघड्यावर, वाऱ्याला मांडली गेली. पाण्याची सामायिक पिंपं गेली, प्रत्येकाची वेगळी बाटली आली. माझ्या साडूंनी अहमदीतल्या जेवणाच्या टेबलावरून अमेरिकेतलं एक मैदान हलवलं, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

मग सही झाली. प्रत्येक शनिवारसाठी वेगळं परमिट, मुदत आठ तास. तिथे दुपारी सामना सुरू व्हायचा तेव्हा इथे आमची रात्रीची जेवायची वेळ. संचारबंदी उठल्यावर मी एक-दोनदा त्यांच्याकडे सामना बघायला गेलो. सगळं जग चेंडूकडे बघत होतं, साडू मैदानाच्या कडेकडे. कॅमेरा तिकडे वळला की निळा मास्क लावलेली एक बारकी मुलगी क्षणभर दिसायची आणि हे खुर्चीच्या काठावर यायचे. सामना संपल्यावर मी विचारलं, "कोण जिंकलं हो?" ते म्हणाले, "आपली जिंकली. मास्क एकदाही खाली आला नाही."

असे सहा सामने झाले. सातव्याच्या आदल्या दिवशी लेकीचा फोन आला. संघातले दोघे पॉझिटिव्ह निघाले, त्यातल्या एकाच्या घोट्याला तिनेच पट्टी बांधली होती. सामना रद्द, आणि ती चौदा दिवस खोलीत एकटी. साडूंनी सातव्या परमिटवर "रद्द" लिहिलं. बातमी फिरली तेव्हा बँकवाल्यांनी फोन करून सांगितलं की मी म्हणतच होतो. साडू म्हणाले, "बरोबर होतं तुमचं." मी शेजारी बसलो होतो, मला भयंकर राग आला. म्हटलं, तुम्ही त्यांना टेबलांचं का नाही सांगितलं? ते म्हणाले, "सही माझी होती."

त्या चौदा दिवसांत साडू दुपारी जेवले नाहीत. सकाळी चहा-पोळी, रात्री ताक-भात. दुपारी, तिच्या सकाळी, ते फोन भिंतीला टेकवून समोर बसायचे आणि ती खोलीत न्याहारी करायची. ताई ताट घेऊन यायच्या आणि परत न्यायच्या. टाकीच्या तोंडाशी उभं राहणं काय असतं ते मला तेव्हा समजलं, आणि पूर्वी त्या गोष्टीला हसलो होतो याची लाज वाटली. पंधराव्या दिवशी तिचा रिपोर्ट चांगला आला. तिने दार उघडून फोनमधून बाहेरचा लांबलचक बोळ दाखवला. साडू तो बोळ शेवटपर्यंत बघत राहिले आणि मग आतल्या दिशेने म्हणाले, "वाढ गं."

खेळायला हवं होतं की नको, याचं उत्तर मला आजही माहीत नाही. तिचं वर्ष वाचलं, हे खरं. ती वाचली, हेही खरं. पण ती पुढे तिथेच नोकरीला लागली, इथला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला, येणं लांबत गेलं, आणि सहा परमिटं खालच्या सहीवाचून फ्रिजवर चुंबकाखाली राहिली. सबंध नोकरीत एकही परमिट उघडं ठेवून घरी न गेलेला हा माणूस रोज त्यांच्यासमोरून दूध काढायचा.

गेल्या वर्षी साडू निवृत्त झाले. नाशिकला जायचं म्हणून अहमदीचं घर आवरायला घेतलं आणि लेक पाच दिवसांसाठी व्हिजिट व्हिसावर आली. खोक्यांच्या मधे टेबल रिकामं करून बापाने सहा कागद मांडले. ती हसत हसत सह्या करू लागली, तिसऱ्या कागदावर तिचं हसू थांबलं. एकावर वेळ लिहायची राहिली होती, ती त्यांनी लिहून घेतली. मग कागद फाइलला लावले.

ती परत निघाली तेव्हा विमानतळावर सोडायला गाडी माझी होती. गाडीत बसल्यावर साडूंनी खिशातून एक नवा कागद काढून तिला दिला. सही केलेला. काम: नोकरी. धोका: एकटी. उपाय: फोन. तो वाचून ती मराठीत म्हणाली, "बंद करायला मला यावं लागेल, ना बाबा?" ते म्हणाले, "हो. समोर येऊन." मी डोकावून पाहिलं आणि इतक्या वर्षांत शिकलेलं एकच शहाणपण दाखवलं. म्हटलं, "अहो, मुदत लिहायची राहिली." साडू तिच्या सीटचा पट्टा नीट लागलाय का ते ओढून बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहू द्या."