मोरिवलीच्या विठाची खोटी कचेरी

विठा भोईरला मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती कॅरमबोर्ड उलटा करून त्याच्या पाठीवर खडूनं सरकारी कचेरी काढत बसली होती. इथं दार, इथं बाकडं, इथं कारकुनाचं टेबल आणि पार कोपऱ्यात साहेबाची खोली.

"साहेब एवढा लांब कशाला?" मी विचारलं.

"लांबच असतो. तुमी युनियनवाले दाराला लाथ मारून जाता, म्हणून तुमाला ठाव नाय."

पहिल्याच भेटीत टोमणा. माझं डोकं सटकायला एवढं पुरतं, पण त्या दिवशी हसलो.

विठा मोरिवलीची. सातवी पास. बापाची भातखाचरं कारखान्याच्या शेडखाली गेली आणि त्याच शेडमध्ये ती डबे भरायला लागली. श्याऐंशी साली खोटा आळ घालून तिला चौकशीला उभं केलं. तिची बाजू खरी, तोंडपाठ. पण समोर खुर्च्यांत तीन माणसं बसलेली बघून तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. नोकरी गेली. "मना सगलं येत होतं," ती सांगायची, "फक्त तिथं बोलायची सवय नवती." मग तिनं सवय लावायचा खेळच काढला.

खेळ असा. चिठ्ठ्या उचलायच्या: कुणी साहेब, कुणी कारकून, कुणी समोरचा वकील, बाकीचे अर्जदार. बोर्डावर प्रत्येकाचा एक खडा. अर्जदारानं फोडलेले चार चिंचोके फेकायचे. चारही पांढरे पडले तर साहेब खुशीत, खडा न विचारता पुढं. चारही काळे पडले तर साहेब मीटिंगला, खडा परत बाकड्यावर. मधलं काही पडलं तर साहेब सवाल करणार, आणि अर्जदारानं उत्तर दिल्याशिवाय खडा पुढं सरकणार नाही. एवढंच. पण या खेळातून तयार होऊन किती बायका रेशन ऑफिसात जाऊन ताठ बोलल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ब्याण्णव साली बदलापूर गावापलीकडं, बारवी धरणाच्या रस्त्याला असलेल्या एका वाडीची वाट बंद झाली. वीसेक घरं, भातशेती आणि जंगलातली मजुरी. कुणा मुंबईच्या प्लॉटिंगवाल्यानं जागा घेऊन भिंत घातली. विहीर भिंतीपलीकडं. डोक्यावर हंडा घेऊन बायकांना पाऊण तासाचा वळसा पडायला लागला. तहसीलदारापुढं सुनावणी लागली, हातात पाच रविवार. वहिवाट तोंडानं सिद्ध करायची, कारण कागद कुणाकडंच नव्हता. अर्ज मी लिहिला. बोलायला शिकवायचं काम विठाचं, दर रविवारी आमच्या युनियनच्या खोलीत.

आणि तिथं धाकलूबाबा आडवे आले. नाव धाकलू, पण वाडीत सगळ्यांत थोरले. खडा कुणाचाही असो, उत्तर बाबांचं. साहेब झालेल्या पोरानं विचारलं, "बाई, विहिरीवर रोज कोण जातं?" की बाबा मागून, "आमी सगलेच जाताव, लिवून घे!" चिंचोके काळे पडले की उचलून परत फेकणार. आपली चिठ्ठी साहेबाची निघाली की स्वतःच सवाल, स्वतःच जवाब, वर निकालसुद्धा वाडीच्या बाजूनं. लोक पोट धरून हसायचे. भिकी तेवढी हसायची नाही. पाण्याला रोज तीच जायची, वाटेचा दगडन् दगड तिला ठाऊक. पण बाबा तिचे थोरले दीर. त्यांच्या तोंडासमोर ती मान वर करत नसे, बोलणं तर दूरच. विठानं नियम केला: ज्याचा खडा, त्याचंच तोंड. बाबांनी खडाच खिशात टाकला.

तिसऱ्या रविवारी मी उठलो. "ओ बाबा, खालीपिली टाइमपास चाललाय काय? वाट तुमची जाणार, माझी नाय. निघा बाहेर!"

बाबा उठले, टोपी झटकली आणि गेले. मला वाटलं, लफडं मिटलं. चौथ्या रविवारी विठा बोर्ड मांडून बसली, चिटपाखरू आलं नाही. थोरल्याला हाकललं तिथं वाडीतलं कोण पाय ठेवणार?

"केलंत ना वाटोलं?" विठा म्हणाली. "त्यांना हाकलायचं असतं तर मना येत नवतं का?"

त्याच पावली बोर्ड काखेत मारून ती वाडीवर गेली. मी मागं मागं. बाबा अंगणात बांबू सोलत होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. विठा जमिनीवरच बसली.

"बाबा, मी माफी मागाला नाय आले. एक इचारते. दुसऱ्याच्या डावात का बोलताव?"

बाबांनी कोयता बांबूत रुतवून ठेवला. मग बाबा म्हणाले, "तीन वर्सामागं मोजणीवाला आलता. कुरण घ्याला कुनाची हरकत हाय का, इचारला. मी म्हनलं, दुसरा कोनी बोलल. सगल्यांनी तसंच म्हनलं. त्यानं लिवलं, हरकत नाय. कुरण गेलं. तवापासून कोनी गप बसला का मना सोसत नाय, पोरी."

"आनि आता तुमी बोललाव म्हणून वाट जाईल. साहेब इचारनार, पानी कोन भरतं. तुमी भरता?"

"नाय."

"कोन?"

"भिकी. पन ती माज्यासमोर कशी बोलल? रीत हाय आमची."

"रीत र्‍हाऊ दे," विठा म्हणाली. "समोर नका बसू. पट्टेवाला व्हा."

तिनं बोर्डावर दाराशी नवा खडा ठेवला तो बाबांचा. पट्टेवाल्याचं काम: दाराकडं तोंड करून, सगळ्यांकडं पाठ फिरवून, नावाचा तीनदा पुकारा करायचा. पुकाऱ्यापलीकडं चकार शब्द नाही. बोलले तर वाडीचे सगळे खडे बाकड्यावर परत, खेळ पहिल्यापासून. बाबांना पुकारा फार आवडला. खणखणीत आवाज होता त्यांचा.

पाचवा रविवार, शेवटचा. बाबांच्या मागोमाग सगळी वाडी आली. बाबांनी दाराकडं तोंड करून हाक दिली, "भिकी सखा हाजीर हाय!" सवाल पडला. भिकी गप्प. बाबांनी मान अर्धी वळवली, परत दाराकडं केली. मी तोंड उघडणार तेवढ्यात विठानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. ती कुणालाच मदत करेना. नुसती बसून राहिली, घाई नाही, राग नाही. तिचं ते बसणं आम्हाला सगळ्यांना जड गेलं. आणि मग बाबांच्या पाठीकडं बघत भिकी बोलली. हळू, पण बोलली. त्या संध्याकाळी खडा सात वेळा साहेबापर्यंत गेला.

सुनावणीला बाबा आपणहून व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडं. समोरचा वकील हुशार. "पावसाळ्यात तिथं चिखल असतो. वाट असतेच कुठं?"

"पावसात दगडांवरनं जाताव," भिकी म्हणाली. "सातवा दगड हलतो. त्याच्यावर पाय ठेवाचा नाय."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"सासूनं. तिथंच पडली ती, दात गेले."

तहसीलदारांनी मान वर केली. "वाट किती वर्षांची?"

भिकीला सालं येत नव्हती. खेळात हा सवाल आलाच नव्हता. मी विठाकडं पाहिलं, तीही पांढरी पडली होती. पण जागची हलली नाही. बाबांनी दोन्ही हातांनी व्हरांड्याचा खांब धरला होता.

"मी नवरी होऊन आले ती त्याच वाटेनं," भिकी म्हणाली. "माझी थोरली, चंद्री, तिला आता दोन पोरं हायेत."

तहसीलदारांनी बोटांवर हिशेब केला आणि लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात ते स्वतः वाडीवर आले. भिकीनं पुढं होऊन दगड दाखवले. पाच भिंतीअलीकडं, बाकीचे पलीकडं. त्यांची रांग भिंतीच्या पायाखालून सरळ जात होती. आदेश निघाला: आठ फूट वाट खुली करा.

भिंत फोडली त्या दिवशी बाबांनी नारळ आणला होता. माझ्याशी अजून बोलत नव्हते, त्यात त्यांचं चुकलं नाही. ते नारळ फोडणार तोच विठा आडवी आली.

"थांबा."

तिनं पिशवीतून शिंप्याची टेप काढली, एक टोक भिकीच्या हातात दिलं आणि खिंडार मोजलं. सव्वासात फूट भरलं. मुकादम म्हणाला, "बाई, चालतंय की, माणूस जातो ना?"

"आठ लिवलंय," विठा म्हणाली आणि पदर खोचून तिथंच मातीच्या ढिगावर बसली. मुकादमानं कपाळावर हात मारला आणि घण पुन्हा उचलायला लावला.